विश्लेषण : दोन स्त्रियांच्या प्रेमावर १९८१ मध्येच मराठी नाटक! विजय तेंडुलकरांची ‘मित्राची गोष्ट’ आजही का बोचते?

जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर, म्हणजे एनएचकेवर, २०२२ मध्ये एक छोटी मालिका सुरू झाली. एकाच इमारतीत शेजारी राहणाऱ्या दोन नोकरदार तरुणी. एकीला भरपूर स्वयंपाक करायला आवडतो, पण खाणारे कोणी नाही. दुसरीला पोटभर जेवायला आवडते. जेवणाच्या ताटावरून ओळख होते, ओळखीची मैत्री होते आणि मैत्रीचे हळूहळू प्रेम. साकाओमी युझाकी यांच्या मांगा चित्रकथेवर बेतलेल्या या मालिकेचे भाग जेमतेम १५ मिनिटांचे होते. २०२४ मध्ये तिचा दुसरा हंगामही आला. कोणी मरत नाही, कोणी पळून जात नाही. दोघी एकत्र जेवतात आणि एकत्र राहण्याचे ठरवतात.

मोबाइलवर अशा परदेशी मालिका पाहणाऱ्या पिढीला वाटू शकते की, हा विषय मराठीत अजून आलेलाच नाही. प्रत्यक्षात तो ४० वर्षांहून अधिक काळापूर्वी आला आणि तोही थेट रंगमंचावर. तो आणणारा लेखक आपल्या पश्चिम उपनगरातलाच, विलेपार्ले पूर्वेचा रहिवासी होता. विजय तेंडुलकर हे त्यांचे नाव आणि ‘मित्राची गोष्ट’ हे नाटकाचे. ‘घाशीराम कोतवाल’ आणि ‘सखाराम बाइंडर’च्या गदारोळात हे नाटक मागे पडले. तेंडुलकर नेमके कोण होते, या नाटकापर्यंत ते कसे पोहोचले आणि त्यात असे काय आहे, हे समजून घेऊ.

कोण होते विजय तेंडुलकर?

विजय धोंडोपंत तेंडुलकर यांचा जन्म ६ जानेवारी १९२८ चा. बालपण मुंबईत गिरगावात गेले, पुढे कोल्हापूर आणि पुणे. वडील कारकुनी नोकरी करत, पण हौशी नाटकांचे वेड होते. घरात पुस्तके होती, तालमींच्या गप्पा होत्या. विजय यांनी सहाव्या वर्षी पहिली गोष्ट लिहिली आणि ११ व्या वर्षी पहिले नाटक लिहून, बसवून त्यात कामही केले. १९४२ च्या आंदोलनात १४ वर्षांचा हा मुलगा ओढला गेला आणि शिक्षण सुटले ते सुटलेच. पदवी नाही, पाठीशी पैसा नाही. लिहिणे हेच एक हाताशी होते.

पोटासाठी त्यांनी वर्तमानपत्रांत नोकऱ्या केल्या. बातमीची चार ओळींची चौकट आणि तिच्या मागचे माणूस, यांतले अंतर त्यांनी तिथे रोज पाहिले. मुंबईत सुरुवातीची वर्षे चाळीत गेली. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांतले संवाद कानावर पडत. त्यांच्या नाटकांतली माणसे अर्धी वाक्ये बोलतात, मध्येच थांबतात, बोलायचे ते सोडून दुसरेच काही बोलतात. ही भाषा त्यांनी ऐकून ऐकून कमावली होती.

पहिली यशस्वी नाटके लगेच आली का?

नाही. विशीत लिहिलेले ‘गृहस्थ’ हे नाटक इतके पडले की, पुन्हा नाटक लिहायचे नाही असे त्यांनी ठरवून टाकले होते. हा निश्चय काही वर्षांनी मोडला आणि १९५६ मध्ये ‘श्रीमंत’ आले. लग्नाआधी गरोदर राहिलेली मुलगी आणि अब्रू वाचवण्यासाठी पैशाने जावई विकत घेऊ पाहणारा श्रीमंत बाप, असा त्याचा विषय होता. समाजाच्या चौकटीत न बसणारी बाई आणि तिला चौकटीत कोंबू पाहणारे आजूबाजूचे लोक, हे सूत्र तेव्हापासून त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येत राहिले.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ चा पार्ल्याशी संबंध काय?

मोठे यश मिळाले ते १९६७ मध्ये, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकामुळे. त्याचे बीज सापडले ते पार्ल्यात. एक हौशी नाट्यसंच विलेपार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघाला होता. त्या मंडळींच्या आपापसांतल्या गप्पा तेंडुलकरांच्या कानावर पडल्या आणि त्यातून नाटकाचा सांगाडा उभा राहिला. खेळ म्हणून सुरू झालेला खटला लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेच्या खासगी आयुष्यावर घसरतो आणि सगळे सहकारी बघता बघता तिचे न्यायाधीश होतात. ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते सादर केले. बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांची होती. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपटही काढला.

सत्तरच्या दशकातले वाद काय होते?

‘मित्राची गोष्ट’ समजून घेण्यासाठी त्याआधीची दहा वर्षे पाहावी लागतात. महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे बोलीभाषेत सेन्सॉरकडून, मंजूर करून घ्यावी लागते. तेंडुलकरांचा आणि या मंडळाचा सामना वारंवार झाला.

१९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांनी ‘गिधाडे’ रंगमंचावर आणले. ते लिहून तोवर काही वर्षे उलटली होती. गर्भपात सुचवणाऱ्या साडीवरच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली. निर्मात्यांनी डाग निळा केला आणि प्रयोगापूर्वी प्रेक्षकांना सांगितले की, निळा दिसला तरी तो लाल समजावा. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’ आले. निळू फुले आणि लालन सारंग यांच्या भूमिका होत्या. नाटकावर बंदीची वेळ आली, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि खटला जिंकला. त्याच वर्षी पुण्यात डॉ. जब्बार पटेल यांनी ‘घाशीराम कोतवाल’ बसवले. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून निदर्शने झाली आणि १९८० च्या युरोप दौऱ्यालाही कडाडून विरोध झाला.

याच काळात त्यांच्या पटकथाही गाजत होत्या. ‘सामना’, ‘निशांत’, ‘मंथन’, ‘सिंहासन’, ‘आक्रोश’ हे चित्रपट त्यांच्या लेखणीतून उतरले. ‘मंथन’च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे १९८१ उजाडले तेव्हा ५३ वर्षांच्या तेंडुलकरांना नव्याने काही सिद्ध करायचे नव्हते. नवा वाद ओढवून घेण्याची गरज तर मुळीच नव्हती. तरीही त्यांनी तो विषय घेतला.

‘मित्राची गोष्ट’ मध्ये नेमके काय आहे?

काळ आहे स्वातंत्र्यापूर्वीचा, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतला. स्थळ, पुण्यातले कॉलेज. गोष्ट सांगतो श्रीकांत मराठे ऊर्फ बापू. हा बुजरा, स्वतःला सामान्य समजणारा मुलगा आहे. कॉलेजात आलेली सुमित्रा देव, सगळ्यांची ‘मित्रा’, त्याच्या अगदी उलट. बिनधास्त, धिप्पाड, कोणाची पर्वा न करणारी. तिने आपल्याशी बोलावे याचेच बापूला अप्रूप वाटते.

एकदा मित्रा जीव द्यायचा प्रयत्न करते आणि वाचते. कारण ती फक्त बापूला सांगते. पुरुषाबद्दल आपल्याला काही वाटत नाही, हे तिने स्वतःला पारखून पाहिले आहे. आपण जशा आहोत तशाच राहणार, हे तिला कळून चुकले आहे आणि या माहितीचे पुढे करायचे काय, हे तिला कळत नाही.

मग कॉलेजच्या नाटकात तिला पुरुषाची भूमिका मिळते. समोर नायिका आहे नमा देशमुख. तालमीत जे सुरू होते ते तालीम संपल्यावर थांबत नाही. मित्रा नमाच्या प्रेमात पडते. दोघींना भेटायला जागा नसते, तेव्हा बापू आपली खोली देतो. पण नमावर हक्क सांगणारा मन्या दळवी हा दांडगट तरुण आधीपासून आहे. मित्राचे नमाला लिहिलेले पत्र त्याच्या हाती लागते आणि तिथून धमक्या, बदनामी आणि कुजबुज सुरू होते. मित्राला कॉलेज सोडावे लागते. नमा कलकत्त्याला निघून जाते, मित्रा तिच्या मागे जाते, पण नमाने लग्नाचा सरळ रस्ता निवडलेला असतो. मित्रा दारूच्या आहारी जाते, कोसळत जाते आणि अखेर स्वतःचा जीव घेते.

नाटकाच्या नावातच एक खुबी आहे. ‘मित्राची गोष्ट’ म्हणजे मित्रा नावाच्या मुलीची गोष्ट आणि ‘मित्राची’ म्हणजे एका दोस्ताची गोष्टही. गौरी रामनारायण यांच्या इंग्रजी अनुवादाला ‘अ फ्रेंड्स स्टोरी’ असे नाव आहे. मराठीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसतात.

खलनायक कोण, दळवी की बापू?

वरवर पाहता दळवी. पण तेंडुलकरांचा रोख अधिक बापूवर आहे. बापू वाईट नाही. तो मित्राचे गुपित सांभाळतो, खोली देतो, दळवीच्या तोंडीही लागतो. मात्र मदतीची किंमत वाढत जाते, तसा तो थकतो. त्याची स्वतःची बदनामी, स्वतःची परीक्षा, स्वतःचे पुढचे आयुष्य त्याला दिसू लागते. मित्रा सर्वांत एकटी असते, नेमका तेव्हा तो तिला तोडतो. तिच्या मृत्यूनंतर गोष्ट सांगत उभा राहणारा बापू म्हणजे उशिरा दिलेली साक्ष आहे.

म्हणूनच हे नाटक केवळ समलिंगी स्त्रीचे नाटक राहत नाही. आपण कोणाचे मित्र आहोत आणि कुठवर, असा प्रश्न ते प्रत्येक सभ्य माणसाला विचारते. मित्राला मारायला कोणी हत्यार घेऊन येत नाही. एकेक जण थोडा थोडा बाजूला होतो, इतकेच घडते.

आणखी एक बाब लक्षात घेण्यासारखी. मराठी प्रेक्षकाने बालगंधर्वांना स्त्रीवेशात पाहून दशकानुदशके दाद दिली. पुरुषाने बाई होणे ही आपल्या रंगभूमीची शान होती. तेंडुलकरांनी ही परंपरा उलटी केली. त्यांच्या नाटकातली मुलगी पुरुषाचा वेश घालते आणि तो उतरवल्यावरही तिचे प्रेम तसेच राहते. टाळ्या वाजवणारा समाज तिथे गप्प होतो.

रंगमंचावर काय झाले?

१९८१ मध्ये विनय आपटे यांनी हे नाटक दिग्दर्शित केले. मित्राची भूमिका केली रोहिणी हट्टंगडी यांनी. पुढच्याच वर्षी त्या रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबा म्हणून जगभर पोहोचल्या. एकाच अभिनेत्रीने साधारण एकाच सुमारास या दोन टोकांच्या बायका साकारल्या, हा मराठी रंगभूमीच्या इतिहासातला विरळा योग आहे.

नाटकावर ‘सखाराम’सारखे रण माजले नाही आणि ‘घाशीराम’सारखे शेकडो प्रयोगही झाले नाहीत. त्या वेळी या विषयावर मराठी घरात बोलायला धड शब्द नव्हते. जे होते ते शिवीसारखे वापरले जात. ज्या गोष्टीला नाव नाही, तिच्यावर भांडण तरी कसे करणार?

‘उंबरठा’ शी त्याचा धागा कसा जुळतो?

तेंडुलकरांनी विषय तिथेच सोडला नाही. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर आधारित ‘उंबरठा’ या चित्रपटाची पटकथा त्यांची, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. महिलाश्रमाची अधीक्षक सुलभा महाजन झाली होती स्मिता पाटील. या आश्रमातल्या दोन स्त्रियांचे नाते उघडकीस येते आणि आश्रम हादरतो. प्रसंग छोटा आहे, पण तो काढून टाकलेला नाही. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या, घराघरांत पाहिल्या गेलेल्या चित्रपटात तो आहे.

त्या काळात हा ‘आजार’ आहे, असे मानणाऱ्यांत सुशिक्षितही होते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली होती. जागतिक आरोग्य संघटनेने ते पाऊल १९९० मध्ये उचलले.

कायदा तेव्हा काय सांगत होता?

ब्रिटिशांनी १८६० मध्ये केलेल्या भारतीय दंड संहितेतले कलम ३७७ लागू होते. त्याच्या शब्दरचनेमुळे ते प्रामुख्याने पुरुषांविरुद्ध वापरले जाई, पण धाक सर्वांनाच होता. नाटकातला दळवी एका पत्राच्या जोरावर दोन मुलींना नाचवतो, त्यामागे हाच धाक आहे. कायदा वापरावा लागत नाही, बदनामीची भीती पुरते.

पुढची वाटचाल आपल्या उपनगरांतूनही गेली. १९९४ मध्ये मुंबईत हमसफर ट्रस्टची स्थापना झाली आणि १९९५ मध्ये समलिंगी स्त्रियांसाठी ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला. डिसेंबर १९९८ मध्ये दीपा मेहता यांच्या ‘फायर’ चित्रपटावरून गोरेगावच्या सिनेमागृहात शिवसैनिकांनी तोडफोड केली. दोन जावांच्या प्रेमाची ती कथा होती. ‘मित्राची गोष्ट’ला तोवर १७ वर्षे झाली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये कलम ३७७ शिथिल केले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला आणि तो विषय संसदेवर सोपवला.

नाटकावर आक्षेप घेता येतात का?

येतात आणि ते गंभीर आहेत. पहिला म्हणजे मित्राचा शेवट. अशा मुलीच्या वाट्याला मरणच येते, असा समज या शेवटाने पक्का होतो का? दुसरा, गोष्ट सांगणारा पुरुष आहे. मित्रा आपल्याला दिसते ती बापूच्या नजरेतून. नमाच्या मनात काय होते, हे तर जवळपास कळतच नाही. तिसरा, मित्राला पुरुषी चालण्या-बोलण्यातून रंगवणे. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री पुरुषासारखीच असते, हा गैरसमज त्यातून बळावू शकतो.

बचावात एवढे सांगता येईल की, तेंडुलकरांनी मित्राला कुठेही लाज वाटायला लावलेली नाही. ती स्वतःला विकृत म्हणत नाही, माफी मागत नाही, बदलायचे वचन देत नाही. १९८१ च्या मराठी प्रेक्षागृहात तिला पूर्ण माणूस म्हणून उभे करणे हेच मोठे पाऊल होते. जपानी मालिकेतल्या दोघींना जेवणाच्या टेबलाशी निवांत बसता येते, कारण मधल्या ४० वर्षांत जगभर अनेक मित्रांच्या गोष्टी सांगून झाल्या आहेत.

तेंडुलकरांची अखेरची वर्षे कशी गेली?

१९८३ मध्ये ‘कन्यादान’ आले, त्यावरही टीकेची झोड उठली. त्याच नाटकासाठी पुढे त्यांना सरस्वती सन्मान मिळाला. १९८३ मध्येच ‘अर्धसत्य’ची पटकथा गाजली आणि १९८४ मध्ये पद्मभूषण जाहीर झाले. मुलगी प्रिया तेंडुलकर १९८५ च्या ‘रजनी’ मालिकेमुळे दूरदर्शनवर घराघरांत पोहोचली. नव्वदच्या दशकात ‘स्वयंसिद्धा’ ही मालिका तेंडुलकरांनी लिहिली आणि मुख्य भूमिका प्रिया यांनी केली.

नंतरचे दिवस कठीण होते. २००१ मध्ये पत्नी निर्मला आणि मुलगा राजा यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी प्रियाही गेल्या. मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायूंच्या आजाराशी झुंजत १९ मे २००८ रोजी तेंडुलकरांनी पुण्यात अखेरचा श्वास घेतला. वय ८० होते. कलम ३७७ बद्दलचा पहिला मोठा निकाल त्यानंतर वर्षभराने आला. तो त्यांनी पाहिला नाही.

आज हे नाटक कुठे भेटते?

२०१५ मध्ये ‘बायोस्कोप’ या चार लघुपटांच्या मराठी चित्रपटात रवी जाधव यांनी याच कथेवर ‘मित्रा’ केला. वीणा जामकर, मृण्मयी देशपांडे आणि संदीप खरे त्यात होते. त्याला सर्वोत्कृष्ट लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मूळ नाटक पुस्तकरूपात आहे आणि एका बैठकीत वाचून होते.

पार्ल्याच्या दीनानाथला, बोरिवलीच्या प्रबोधनकारला किंवा मुलुंडच्या कालिदासला आजही शनिवार-रविवारी नाटकाला गर्दी होते. कायदा बदलला, शब्द मिळाले, मोबाइलवर परदेशी मालिका आल्या. तरी अंधेरी किंवा घाटकोपरमध्ये दोन मुलींना एकत्र भाड्याने घर घ्यायचे असेल, तर त्या अजूनही स्वतःला मैत्रिणी म्हणूनच सांगतात. त्यांच्या ओळखीचा एखादा बापू असतोच. तो या वेळी दार उघडे ठेवतो की नाही, यावर त्यांची गोष्ट कुठल्या दिशेने जाईल, हे बरेचसे ठरते.